उजेड सरकतो तेव्हा चित्र कोणत्या वेळेचं काढायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जागेवर बसून निसर्गचित्र काढायला तुम्ही सकाळी लवकर जाता. रेखाटन उरकून रंग लावायला घेईपर्यंत सावल्या सरकलेल्या असतात. त्या दुरुस्त कराव्यात तर तोवर आणखी सरकतात. दोन-अडीच तासांनी हातात उरतं ते मळकट आणि ओढूनताणून पुरं केलेलं चित्र. माध्यम बहुतेक वेळा जलरंग, कधीमधी तैलरंग. हात जलद करायचा सराव करावा, की सरळ फोटो काढून घरी रंगवावं, असं तुम्ही विचारलं आहे.

हात जलद करण्याचा सल्ला तुम्हाला पुष्कळ जण देतील. मी देणार नाही. जलद हाताची माणसं हाच घोळ जास्त वेगाने घालतात, एवढंच. तुमच्या वर्णनावरून मला दिसतं ते असं, की तुम्ही एकाच कागदावर तीन वेगळ्या वेळांची चित्रं काढता आहात. आकाश आठ वाजताचं, झाडाची सावली नऊची, भिंतीवरचं ऊन साडेनऊचं. प्रत्येक तुकडा समोर बघूनच रंगवलेला असल्यामुळे सुटा पाहिला तर खराच असतो, त्यामुळे बिनसलं कुठे ते सापडत नाही. पण या तुकड्यांना एकत्र बांधणारा सूर्य एका जागी नसतो. बघणाऱ्याला ते नेमकं सांगता येत नाही, पण चित्रात ऊन पडल्यासारखं त्याला वाटत नाही.

तेव्हा खरा प्रश्न असा आहे: कोणत्या क्षणाचं चित्र काढायचं हे कधी ठरवायचं, आणि ठरवल्यावर समोरचं दृश्य बदलत राहिलं तरी त्या निर्णयाला चिकटून कसं राहायचं?

आधी हातात वेळ किती असतो ते बघू, कारण बरंचसं त्यावर ठरतं. सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे चार मिनिटांत एक अंश. हा वेग दिवसभर सारखाच असतो. तरीही सकाळ-संध्याकाळ सगळं पळतंय आणि भर दुपारी थांबलंय असं वाटतं, त्याचं कारण सावलीच्या लांबीत आहे. दहा मीटर उंचीचं झाड घ्या. सूर्य क्षितिजापासून १० अंश वर असताना त्याची सावली साधारण ५७ मीटर पडते, ३० अंशांवर आला की १७ मीटर. आता तोच सूर्य ६० अंशांवरून ८० वर जाताना बघा: सावली जेमतेम सहा मीटरवरून दोनच्या आत येते. दोन्ही वेळा सूर्य वीसच अंश चढला, पण एकदा सावली ४० मीटरने आखडली आणि एकदा चारने. आपल्याला आवडतो तो तिरपा, लांब सावल्यांचा उजेड नेमका या पहिल्या टप्प्यातला असतो. जे सर्वांत देखणं, तेच सर्वांत चंचल.

रंगाचंही तसंच. सूर्य खाली असताना त्याचा उजेड हवेच्या जास्त जाड थरातून येतो, वाटेत निळा भाग विखुरला जातो आणि पिवळा-तांबूस भाग आपल्यापर्यंत पोचतो. सूर्य चढू लागला की हा थर भराभर पातळ होतो. म्हणून सूर्योदयानंतरच्या आणि सूर्यास्तापूर्वीच्या अर्ध्या-पाऊण तासात रंग बदलतात तसे दिवसात इतर वेळी बदलत नाहीत.

हे सगळं तुम्ही पृथ्वीवर कुठे बसला आहात यावर अवलंबून आहे. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो, त्यामुळे तिरपा उजेड लवकर संपतो. उत्तरेकडच्या किंवा दक्षिणेकडच्या दूरच्या प्रदेशात तो कलत्या वाटेने येतो, आणि हिवाळ्यात तर दिवसभर खालीच रेंगाळतो. तिकडचा एखादा चित्रकार ‘सकाळचे दोन तास छान उजेड मिळतो’ असं सांगतो तेव्हा ते त्याच्यापुरतं खरं असतं. तुमच्याकडे त्या दोन तासांची जेमतेम चाळीस मिनिटंच होऊ शकतात. त्यामुळे सल्ला ऐकताना देणारा कुठे बसून बोलतोय ते आधी बघा, माझाही.

पिएर-आंरी द व्हालांसिएन या फ्रेंच चित्रकाराने १८०० सालच्या सुमारास विद्यार्थ्यांना घालून दिलेली मर्यादा मला आजही रास्त वाटते: उघड्यावरचा अभ्यास जास्तीत जास्त दोन तास, आणि सूर्योदय किंवा सूर्यास्ताचा असेल तर अर्धा तास. यात चित्र पुरं झालंच पाहिजे असं नाही. एवढ्या वेळात जे टिपता येईल ते टिपायचं आणि उठायचं.

आता मळकटपणाकडे येतो. याचा निम्मा दोष सूर्याकडे नाही, डोळ्याकडे आहे, आणि हे फार कमी लोक सांगतात. तुम्ही झाडाखालच्या सावलीत टक लावून बघता तेव्हा डोळा त्या अंधाराला सरावतो. मिनिटभरात तिथे पानं दिसू लागतात, खोडाचा तपकिरी दिसतो, मागच्या दगडावरचा हिरवट दिसतो. सावली उजळल्यासारखी वाटते आणि तुम्ही ती उजळ रंगवता. मग नजर उन्हातल्या भिंतीकडे नेता. तिकडे बघत राहिलात की डोळा त्या उजेडाला सरावतो, भिंतीवरचे पोपडे, डाग, ओल दिसू लागते, आणि तुम्ही ते सगळं भिंतीवर आणता. भिंत काळवंडते. सावली वर आली, ऊन खाली आलं, दोन्ही मध्यावर भेटले. त्यात सरकलेली सावली दुरुस्त करण्यासाठी दोन थर आणखी चढले, की मळकटपणासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

यावरचा उपाय जुना आहे: डोळे बारीक करून बघा, आणि कोणतीही एक जागा एकटी बघू नका. सावलीचा गडदपणा ठरवताना नजर उन्हाच्या भागावर ठेवायची आणि सावली कडेने दिसू द्यायची. उन्हाचा रंग ठरवताना उलट. विद्यार्थ्यांना हे विचित्र वाटतं, पण सावलीत थेट बघून सावलीचा टोन, म्हणजे उजळ-गडदपणा, कुणालाच नीट लागत नाही.

आणि ‘समोर दिसतंय तसंच मी काढतोय’ या समाधानात फार राहू नका. पांढरा कागद आणि तुमच्याकडचा सर्वांत काळा रंग यांच्या उजळपणात वीस-तीस पटींचा फरक असतो. उन्हातली पांढरी भिंत आणि दाट झुडपाच्या पोटातला काळोख यांच्यात तो शेकडो पटींचा असतो. म्हणजे तुम्ही पहिल्यापासून समोरच्या दृश्याचं आखूड मापात रूपांतर करता आहात. हे माप एकदा ठरवायचं असतं. दर वीस मिनिटांनी समोर बघून ते बदलत राहिलात तर चित्राला काही धरबंध राहत नाही.

आता पद्धत. मी काय करतो ते सांगतो. ज्या उजेडासाठी जागा निवडली, तो उजेड येण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी जाऊन बसतो. बहुतेक जण उजेड छान दिसला की सामान उघडतात, आणि रेखाटन होईपर्यंत तो गेलेला असतो. सूर्य कुठून कुठे जाणार हे आपल्याला माहीत असतं. सकाळी सावल्या आखडणार, संध्याकाळी लांबणार, दिशा ठरलेल्या. ज्या गोष्टी सरकत नाहीत, म्हणजे टेकडीची कड, घराचा आकार, खोडं, रस्त्याची वळणं, त्या सगळ्यांचं रेखाटन उजेड येण्याआधीच करून ठेवायचं. सावल्यांना तोवर हात लावायचा नाही.

मग हवा तो क्षण आला की दुसरं काहीही न करता फक्त सावल्यांचे आकार पेन्सिलीने आखायचे. सगळे, एका दमात, पाच-सात मिनिटांत. वस्तूच्या अंगावरची सावली आणि तिची जमिनीवर पडलेली सावली या दोन्ही जिथे जोडलेल्या असतील तिथे जोडूनच. मी या आकारांमध्ये अगदी हलकी तिरकी रेघाटी भरतो, म्हणजे नंतर कोणती बाजू उन्हाची हा घोळ होत नाही. बाजूला काड्याची पेटी मावेल एवढ्या चौकटीत तीनच टोनमध्ये छोटं स्केच करतो: पांढरा, मधला, काळा. वर वेळ लिहितो आणि सूर्याच्या दिशेचा बाण काढतो. त्यानंतर ते छोटं स्केच मालक आणि समोरचं दृश्य नोकर. शंका आली की स्केच बघायचं. दृश्याकडून फक्त माहिती घ्यायची: पानांचा पोत, खिडकीची चौकट, दगडाचा रंग.

मागे येऊन उभे राहणारे हमखास सांगतात की तुमची सावली चुकली, ती तर तिकडे आहे. त्यांना हो म्हणायचं.

सावलीच्या कडांबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण चित्रात ऊन दिसतं ते या कडांमुळे. उन्हातल्या एका खांबाची जमिनीवरची सावली बुडापासून टोकापर्यंत बघत जा. बुडाशी कड सुरीने कापल्यासारखी असते आणि टोकाकडे विरघळत जाते. सूर्य हा बिंदू नाही, आकाशात अर्ध्या अंशाची तबकडी आहे, म्हणून वस्तू जितकी दूर तितकी कड रुंद. पाच मीटरवरच्या फांदीच्या सावलीची कड भिंतीवर चांगली चार-पाच सेंटिमीटर रुंद असते. झाडाखालचे कवडसेही असेच. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असल्या तरी झाड पुरेसं उंच असेल तर कवडसा गोल किंवा लांबट गोल पडतो, कारण तो सूर्याचीच प्रतिमा असतो. एकाच कवडशावर नजर ठेवून बसा. दोन मिनिटांत तो स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. एवढं कळल्यावर कवडसे एकेक मोजून टिपायचा हट्ट आपोआप सुटतो. त्यांचे घोळके कुठे आहेत आणि ते कोणत्या दिशेने लांबट दिसतात एवढं घ्या, बाकीचे मनाने टाका.

पांढऱ्या भिंतीवरच्या सावलीत रंग बघायला शिका, आणि तोही सावल्या आखतानाच टिपून ठेवा. सावलीत थेट ऊन पोचत नाही, तिला उजेड मिळतो तो आकाशाकडून आणि आसपासच्या उन्हातल्या जमिनीकडून. म्हणून भिंतीचा जो भाग उघड्या आकाशाला सामोरा आहे तिथे सावली निळसर असते, आणि छपराच्या खालच्या अंगाला, जिथे जमिनीवरून उसळलेला उजेड पोचतो, तिथे ती चक्क उबदार, मातकट पिवळी होते. हे दोन्ही एकाच सावलीत असतं. सगळी सावली एकाच करड्या रंगाने भरली की भिंत पुठ्ठ्याची दिसते.

यासाठी रंग आधी कालवून ठेवा. हा सल्ला साधा आहे, पण वेळेशी झगडणाऱ्याला याच्याइतकं काही उपयोगी पडत नाही. सावल्या आखून झाल्या की लगेच, कागदाला ब्रश लावण्याआधी, पॅलेटवर उन्हाचा रंग आणि सावलीचा रंग भरपूर कालवायचा आणि दोन्हींचे ठिपके कागदाच्या कडेला शेजारी शेजारी लावून बघायचे. जोडी जमली का, एवढंच तपासायचं. हे ठिपके म्हणजे त्या क्षणाची साक्ष. तासाभराने समोरचं ऊन पांढरंफटक झालेलं असलं तरी कडेचा तो पिवळा तुमच्याजवळ असतो. जलरंग वाळल्यावर फिका पडतो, तेव्हा सावलीचा ठिपका ओला असताना थोडा जास्त गडद वाटायला हवा. ॲक्रिलिकचं उलट आहे, ते वाळल्यावर किंचित गडद होतं.

जलरंगात क्रम असा ठेवा: उन्हाच्या भागांचा हलका वॉश (पाण्याने पातळ केलेल्या रंगाचा थर), तो वाळेपर्यंत थांबा, मग सगळ्या सावल्या एकाच बैठकीत. एक सावली पुरी करून दुसरीकडे गेलात तर मधल्या वेळात तुम्ही पुन्हा समोर बघणार आणि दुसरी सावली वेगळ्या वेळेची होणार. सावल्यांचा वॉश एकसलग वाहू द्या, त्यात जागोजागी रंग बदला, पण गडदपणा फार हलू देऊ नका. आणि लावल्यावर त्याला हात लावू नका. दमट हवेत वॉश वाळायला वीस-वीस मिनिटं लागतात, त्या वेळात ओल्या कागदात चाळे करण्यापेक्षा उठून चार पावलं मागे जाऊन बघा. तैलरंगात उलट क्रम मला सोयीचा वाटतो: पातळ केलेल्या रंगाने आधी सावल्यांचे पुंजके भरायचे, उन्हाचे जाड रंग नंतर. तिथे चूक पुसता येते, म्हणून मोहही जास्त होतो. सावली पुसून नव्या जागी न्यायची खुमखुमी आली की ब्रश खाली ठेवा.

संध्याकाळी एक गोष्ट वेगळी करावी लागते. सकाळी उशीर झाला तर निदान उजेड वाढतो, संध्याकाळी सगळं हातातून जातं. सर्वांत आधी जमिनीवरचं ऊन जातं, मग भिंतींवरचं, शेवटी झाडांच्या शेंड्यांवरचं. त्यामुळे संध्याकाळी जमिनीपासून सुरुवात करून वर जा. सूर्यास्ताचं आकाश हाच विषय असेल तर मात्र आधी आकाश, बाकी सगळं छायाकृतीसारखं नंतर करता येतं. अंधारू लागलं की तुमच्याच कागदावरचे रंग तुम्हाला फसवतात: मंद उजेडात लाल-तांबडे रंग डोळ्याला आधी काळपट वाटू लागतात आणि निळे त्यामानाने उजळ राहतात. मग आपण तांबडा वाढवत नेतो आणि घरी दिव्याखाली चित्र भडक निघतं. अंधुक झाल्यावर नवा तांबडा कालवू नये, आधी कालवलेला असेल तेवढाच वापरावा.

दिवसाउजेडी उलट फसगत होते. कागदावर थेट ऊन पडलेलं असेल तर प्रत्येक रंग उजळ दिसतो, तुम्ही गडद लावत जाता आणि घरात चित्र कोंदट दिसतं. कागद आणि पॅलेट दोन्ही एकाच सावलीत हवेत. छत्री लावायची तर पांढरी, करडी किंवा काळी. रंगीत छत्रीखाली सगळं त्या रंगात न्हाऊन निघतं. भडक लाल शर्टाचाही कागदावर परिणाम होतो, हे खोटं वाटत असेल तर पांढरा कागद छातीजवळ धरून बघा.

बसायची दिशा हाही वेळ वाढवायचा मार्ग आहे. बाजूने येणारं ऊन आकाराला उठाव देतं, पण तिथे सावल्यांची हालचाल सर्वांत उघड दिसते. सूर्याकडे तोंड करून बसलात तर समोरच्या बहुतेक गोष्टी त्यांच्या अंधाऱ्या बाजूनेच दिसतात. मोठे गडद आकार आणि उजळ कडा. हे आकार बराच वेळ टिकतात. तुमच्या सध्याच्या अडचणीत मी तुम्हाला काही काळ असंच बसायला सांगेन, फक्त सूर्य नजरेच्या थेट रेषेत येणार नाही असं बघा, आणि तो झाडाआड किंवा भिंतीआड असू दे. डोळ्यांना इजा होईल असं काही चित्रासाठी करू नये.

ढगाळ दिवस हा माझ्या मते शिकणाऱ्यासाठी सर्वांत चांगला, आणि लोक नेमके तेव्हा घरी बसतात. सगळं आकाशच उजेड देत असल्यामुळे पडलेल्या सावल्या जवळजवळ नसतात, टोन तासन्‌तास फार हलत नाहीत, आणि रंगांची खरी ओळख तेव्हाच होते. त्रासदायक असतो तो तुटक ढगांचा दिवस, उघडझाप करणारा. तिथे सुरुवातीलाच ठरवा की चित्र उन्हाचं की ढगाळ. उन्हाचं ठरलं तर ढग आला की रेखाटन, पोत, बारीकसारीक तपशील करायचे आणि ऊन पडलं की फक्त सावल्या बघायच्या. ढगाची सावली टेकडीवरून सरकताना फार सुंदर दिसते, तेव्हा ती घ्यावीशी वाटते. घ्या, पण एकच, आणि ती तुमच्या छोट्या स्केचमध्ये आधी बसते का ते बघून.

काम निम्म्यावर असताना उजेड पहिल्यापेक्षा छान झाला तर काय करायचं? हा खरा मोह आहे, आणि त्यावर एकच उत्तर आहे: दुसरा कागद. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेने हेच केलं. १८९० आणि १८९१ मध्ये गवताच्या गंजींची चित्रं करताना तो अनेक कॅनव्हास बरोबर ठेवी आणि उजेड बदलला की हातातला बाजूला ठेवून त्या उजेडाचा कॅनव्हास पुढे घेई. दुसऱ्या दिवशी तोच उजेड आला की पुन्हा पहिला. आपल्याला एवढा लवाजमा नको. एका कागदाचे टेपने चार भाग करा, प्रत्येकावर तोच देखावा ढोबळ आकारांत आखा आणि दर अर्ध्या तासाने पुढच्या भागावर जा. तपशील नको, उजेड कुठे आणि सावली कुठे एवढंच. हा सराव केल्यावर बदलणारा उजेड शत्रू वाटत नाही, आणि कोणता क्षण निवडायचा याची नजर येते.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्याच जागी जाऊन तेच चित्र पुढे नेणं हाही चांगला मार्ग आहे, हवामान तसंच असेल तर. आठवडाभरात सूर्याच्या जागेत पडणारा फरक चित्रापुरता सहज दुर्लक्षिता येतो. दोन महिन्यांनी मात्र त्याच घड्याळी वेळेला सावली दुसरीकडेच असते.

इथपर्यंतचं एकत्र करतो: आधी जा, न हलणारं सगळं आखून ठेवा, क्षण आला की सावल्या आखून पक्क्या करा, छोटं स्केच आणि रंगांचे ठिपके करा, मग समोरच्या बदलाकडे काणाडोळा करत चित्र पुरं करा. पहिल्या वीस मिनिटांत घाई, नंतर निवांतपणा. तुमचं सध्या नेमकं उलट होतंय: आधी निवांत रेखाटन आणि मग घाईघाईने दुरुस्त्या.

फोटोचं विचारलंत म्हणून. फोटो जरूर घ्या, पण सावल्या आखतानाच, नंतर नाही. त्याच्याकडून आकार घ्यायचे, रंग नाहीत. कॅमेऱ्यात सावली बहुधा काळी होते किंवा आकाश पांढरं होतं. दोन्ही एकदम सांभाळायला आधुनिक फोन जे करतो त्यात ऊन आणि सावलीतला फरकच चेपला जातो. शिवाय संध्याकाळचा पिवळेपणा दोष समजून तो काढून टाकतो, म्हणजे ज्यासाठी बसलो होतो तेच जातं. केवळ फोटोवरून रंगवायला माझा तात्त्विक विरोध वगैरे नाही, पण जागेवर केलेले रंगांचे ठिपके नसतील तर फोटो बघून रंगवलेल्या चित्रात फोटोचेच रंग येतात.

घरी आल्यावर हात लावावा का, यावर चित्रकारांमध्ये उगीच सोवळंओवळं आहे. मोनेनेही फ्रान्समधल्या रूआँ शहराच्या कॅथेड्रलची चित्रं १८९२ आणि १८९३ मध्ये समोर बसून केली आणि पुढे स्टुडिओत बराच काळ त्यांवर काम केलं. त्यांतल्या बऱ्याच कॅनव्हासवर साल १८९४ आहे. तेव्हा निर्धास्त राहा. मी मात्र चित्र दोन-तीन दिवस भिंतीकडे तोंड करून ठेवतो, म्हणजे जागेची आठवण थोडी फिकी पडते आणि चित्र चित्र म्हणून दिसतं. मग आरशात उलटं करून बघतो. सावल्या दोन दिशांना पडलेल्या असतील तर आरशात लगेच खटकतात. कडा कमी-जास्त करणं, विखुरलेले पांढरे ठिपके मिटवणं, सावल्यांना एका हलक्या पारदर्शक वॉशने एकत्र आणणं, इतपत काम घरी होतं. सावलीची दिशा बदलणं जलरंगात होत नाही, त्याच्या नादी लागू नका.

तुमच्याकडे साठलेली जी मळकट चित्रं आहेत ती फेकू नका. पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे घेऊन त्यांची लहानमोठी होणारी चौकट करा आणि प्रत्येक चित्रावर फिरवा. वेळांची सरमिसळ बहुधा अख्ख्या कागदावर दिसते. एखाद्या कोपऱ्यात, जिथे तुम्ही सलग वीस मिनिटं काम केलं असेल तिथे, सगळं एकाच उजेडातलं निघतं. तो तुकडा कापून वेगळा ठेवा आणि पुढच्या वेळी तेवढ्याच आकाराचा कागद घेऊन जा.